फुटबॉलमध्ये पैसा आला, मग आपण कुठे बसायचं?

(हा भाग ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी पूर्ण मजकूर. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जरा कमी केलेत.)

विरार लोकलच्या दारात उभं राहून ऐकत असाल तर आधी दोन पावलं आत या. विषय मोठा आहे, वसई रोड ते अंधेरी आरामात पुरेल.

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे झाला. नालासोपाऱ्याच्या एका मित्राने पाठवली होती. तो म्हणतो, “दादा, सगळे बोलतात फुटबॉल वाढला. जिकडे बघावं तिकडे पोरांच्या अंगात जर्सी. मेस्सी वानखेडेवर येऊन गेला. मग मला मॅच बघायला तीन-तीन ॲप का लागतात? आणि खेळायला मैदान का मिळत नाही?”

मी ती नोट दोनदा ऐकली. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा नाही हसलो. कारण त्याचं सगळंच खरं आहे. फुटबॉल वाढलाय आणि आपल्या हातातून सुटतोयही, दोन्ही एकाच वेळी. हे कसं काय?

या भागाची तयारी करताना मी एका साध्या गोष्टीपाशी आलो. खेळाचा खर्च जो उचलतो, त्याच्या सोयीनं खेळ चालतो. बस, एवढंच. हे डोक्यात ठेवा, पुढचं सगळं यातूनच उलगडणार आहे.

पप्पांचं कूपरेज

आमच्या घरात फुटबॉल पप्पांकडून आला. तरुणपणी ते वसईहून गाडी पकडून चर्चगेटला उतरायचे आणि चालत कूपरेज मैदानावर जायचे, रोव्हर्स कप बघायला. १८९१ साली सुरू झालेली ही स्पर्धा. कोलकात्याचे मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन स्पोर्टिंग यायचे, गोव्याचे संघ यायचे. आणि त्यांच्यासमोर मुंबईचे संघ कोणते? टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, महिंद्रा, आरसीएफ, एअर इंडिया. म्हणजे सगळे कंपन्यांचे! खेळाडूला कंपनीत नोकरी, महिन्याला पगार, आणि खेळायला मोकळीक.

पप्पांना हे दिवस सोन्याचे वाटतात. मी त्यांना विचारलं, “तुमच्या तिकिटाच्या पैशावर हे चालायचं का?” ते म्हणाले, “छे रे, आमच्या तिकिटात काय होणार?”

तिथेच मेख आहे. खर्च कंपनीचा, म्हणून निर्णयही कंपनीचा. रोव्हर्स कप २००१ च्या सुमारास बंद पडला तो पडलाच. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली होती, देशातला अव्वल संघ! २०१० मध्ये कंपनीने तो संघ बंद केला. त्याआधी २००७ मध्ये मुंबई एफसी नावाचा क्लब आला होता, तोही २०१७ मध्ये गुंडाळला. यातल्या एकाही वेळी चाहत्यांना कुणी विचारलं नाही. विचारण्याचं कारणच नव्हतं, कारण चाहत्यांकडून काही येतच नव्हतं.

म्हणून ‘पूर्वी फुटबॉल आपला होता, मग पैसेवाले आले’ असं मी म्हणणार नाही. तो तेव्हाही दुसऱ्याच्याच जिवावर होता.

मग आली आयएसएल

ज्या वर्षी आपला पालघर जिल्हा झाला, त्याच वर्षी, २०१४ मध्ये, इंडियन सुपर लीग सुरू झाली. मी तेव्हा शाळा संपवून कॉलेजात गेलो होतो. मुंबई सिटी एफसी, मालकांमध्ये रणबीर कपूर. मैदानात आनेल्का, ल्युंगबर्ग. पहिली दोन वर्षं सामने नवी मुंबईला डी. वाय. पाटील स्टेडियमवर. वसईहून तिथे जाणं म्हणजे सहलच की! २०१६ पासून सामने अंधेरीला, शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात आले, आणि आपल्या वेस्टर्न लाइनवाल्यांची चंगळ झाली.

त्या वर्षी डिएगो फोरलान मुंबईकडून खेळला. २०१० च्या वर्ल्ड कपमधला सर्वोत्तम खेळाडू तो! अंधेरीत केरळविरुद्ध त्याने हॅटट्रिक केली, आपण ५-० जिंकलो. पैशामुळेच हे झालं, हे मान्य करायला लाज कसली? चांगली हिरवळ, चांगले दिवे, खेळाडूंना बरे पगार. माझी बहीण मैत्रिणींबरोबर मॅचला जाऊ लागली, तेही पैशामुळेच. स्वच्छतागृहं, नंबर असलेल्या खुर्च्या, दारावर तपासणी, हे सगळं फुकट येत नाही.

पण वेळ बघा. सामना कधी सातला, कधी साडेसातला, कधी तर आठला. कुणाच्या सोयीनं? टीव्हीच्या. सामना संपून, गर्दीतून वाट काढत अंधेरी स्टेशन गाठायचं, विरार गाडीत घुसायचं, वसईला उतरून रिक्षा शोधायची. रात्रीची रिक्षा म्हणजे तो सांगेल तो आकडा. कित्येकदा माझं मॅचचं तिकीट एका खिशात आणि त्याहून जास्त पैसे परतीच्या रिक्षासाठी दुसऱ्या खिशात असायचे. पालघर, बोईसरच्या पोरांचं तर विचारूच नका. ती ऐंशीव्या मिनिटालाच उठायची.

त्यांचं त्या वेळापत्रकात कुठे नाव होतं? नव्हतं. आपल्यासारखा तिकीटवाला खुर्ची भरायला हवा, म्हणजे टीव्हीवर स्टेडियम रिकामं दिसत नाही. हिशोबात त्याची जागा तेवढीच.

२,५६९ माणसं

खुर्च्या भरण्यावरून आठवलं. जून २०१८, अंधेरीतच भारताचा सामना होता, चायनीज तैपेईविरुद्ध. भारत ५-० जिंकला, सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली. बघायला किती माणसं? २,५६९. देशाचा संघ, मुंबईसारखं शहर, आणि अडीच हजार माणसं.

दुसऱ्या दिवशी छेत्रीने व्हिडिओ टाकला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की आम्हाला शिव्या घाला, टीका करा, पण स्टेडियममध्ये या. दोन दिवसांनी केनियाविरुद्धचा सामना हाउसफुल्ल. तो छेत्रीचा १०० वा सामना होता. वरून धो धो पाऊस, आणि कुणी जागचं हललं नाही.

हे मी का सांगतोय? कारण त्या आठवड्यात एक गोष्ट कळली. चाहते नव्हते असं नाही. चाहते होते, घरी बसून युरोप बघत होते. मी पण त्यातलाच होतो. खरं ते सांगितलं पाहिजे.

आपल्या पाच वाजताच्या चहासाठी

आता युरोपाकडे वळूया, कारण मोठा पैसा तिथे आहे आणि त्यात आपलाही हात आहे.

इंग्लंडची प्रीमियर लीग १९९२ मध्ये सुरू झाली. टीव्हीचा पहिला करार पाच वर्षांसाठी ३० कोटी ४० लाख पौंडांचा होता. २०२५-२६ पासून लागू झालेला करार, तोही फक्त ब्रिटनपुरता, चार वर्षांसाठी ६७० कोटी पौंडांचा आहे. वर्षाचा हिशोब मांडलात तर सत्तावीस पटींहून जास्त. परदेशातल्या टीव्हीचा पैसा वेगळाच.

त्या परदेशात आपण येतो. तिकडे शनिवारी दुपारी साडेबाराला मॅच ठेवतात. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात पाच वाजलेले असतात, हिवाळ्यात सहा. किती सोयीचं! चहाचा कप हातात, मॅच समोर. पण न्यूकॅसलचा एखादा माणूस आपल्या संघाची मॅच बघायला लंडनला जाणार असेल, तर त्याला पहाटे अंधारात निघावं लागतं. माझ्या चहासाठी त्याची झोप मोडते. अंधेरीला टीव्हीच्या सोयीनं मी रखडतो, आणि तिकडे माझ्या सोयीनं तो.

बरं, आपल्याला तरी हे स्वस्तात पडतं का? माझा मित्र म्हणाला ती तीन ॲप मोजूया. सध्या प्रीमियर लीग जिओहॉटस्टारवर, चॅम्पियन्स लीग सोनी लिव्हवर, स्पेनची ला लीगा फॅनकोडवर. २०२२ चा वर्ल्ड कप जिओसिनेमावर फुकट होता, तेव्हा अख्ख्या चाळीने एका मोबाइलवर अर्जेंटिना-फ्रान्स फायनल बघितली. फुकटाची सवय लावायची, गर्दी जमली की दार लावून पैसे मागायचे, हा धंद्याचा जुनाच खेळ आहे. १९८६ मध्ये मॅराडोना दूरदर्शनवर दिसला होता, ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी सगळी वाडी. आता ज्याचं रिचार्ज, त्याची मॅच.

२०२५: पैसा निघून गेला

आतापर्यंत पैसा आल्यावर काय होतं ते बघितलं. आता तो गेल्यावर काय होतं ते ऐका, कारण गेल्या वर्षी हे आपल्या डोळ्यांदेखत घडलं.

२०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने एक करार केला होता. १५ वर्षं, ७०० कोटी रुपये. भारतीय फुटबॉलचे व्यावसायिक हक्क रिलायन्सच्या बाजूच्या कंपनीकडे गेले, आणि त्यातूनच आयएसएल उभी राहिली. हा करार संपणार होता ८ डिसेंबर २०२५ ला. पुढचं काहीच ठरेना, म्हणून जुलैमध्येच नवा हंगाम थांबवला. काही क्लबांनी पगार थांबवले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात. नव्या हक्कांसाठी निविदा काढली. नोव्हेंबरमध्ये मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. एकही!

सप्टेंबर गेला, दिवाळी गेली, नाताळ आला. अंधेरीला लीगची एकही मॅच नाही. आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशी बातमी आली, की सिटी फुटबॉल ग्रुप मुंबई सिटीतून बाहेर पडला. मँचेस्टर सिटीचे मालक ते. २०१९ मध्ये त्यांनी आपल्या क्लबात ६५ टक्के हिस्सा घेतला होता. त्यांच्या काळात आपण २०२०-२१ मध्ये लीग आणि कप दोन्ही जिंकले, आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरलो, २०२३-२४ मध्ये पुन्हा कप उचलला. आणि एका पत्रकात सगळं आटोपलं. क्लब जुन्या मालकांकडे परत.

मी सोफ्यावर बसून ती बातमी वाचत होतो. पप्पा म्हणाले, “महिंद्राचं झालं तसंच ना?” मी काही बोललो नाही. काय बोलणार?

शेवटी जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी जाहीर केलं, की १४ फेब्रुवारीपासून १४ क्लबांची छोटी लीग होईल. ९१ सामने, म्हणजे प्रत्येक संघाला १३. आदल्या हंगामात साखळीतच २४ होते.

या सगळ्याच्या मधोमध, करार संपून सहा दिवस झाले होते, १४ डिसेंबरला, मेस्सी वानखेडेवर आला. तिकिटं हजारोंच्या घरात. सचिनने त्याला आपली जर्सी दिली, छेत्रीही तिथे होता. आदल्या दिवशी कोलकात्यात लोकांनी खुर्च्या फेकल्या होत्या, कारण एवढे पैसे मोजून मेस्सी दिसलाच नाही, नेत्यांच्या आणि बड्या लोकांच्या घोळक्यात झाकला गेला. मुंबईत कार्यक्रम नीट पार पडला. पण विचार करा, एका संध्याकाळी फुटबॉलच्या नावावर वानखेडे गजबजलं होतं, आणि त्याच आठवड्यात देशाच्या लीगला वाली नव्हता. मेस्सीवर माझा राग नाही हं, माझ्या भिंतीवर त्याचं पोस्टर आहे. पण लोकप्रियता वाढली म्हणजे आपला खेळ वाढला असं नसतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आमच्या गावची स्पर्धा

आता घराजवळ येऊया. वसई पश्चिमेला गावागावांत फुटबॉल आहे. चर्चचं मैदान, शाळेचं मैदान, नाहीतर भातकापणी झाल्यावर मोकळं झालेलं शेत. सात-सात जणांचे संघ, दोन-तीन दिवसांची स्पर्धा. आमच्या गावातही आहे. वर्गणीवर चालायची. घरोघरी पावतीपुस्तक घेऊन फिरायचं, कुणी शंभर, कुणी पाचशे, एखादी आजी वीस रुपये आणि सोबत लिंबू सरबत.

तीन वर्षांपूर्वी आम्हाला एक मोठा प्रायोजक मिळाला. नाव घेत नाही. माणूस वाईट नव्हता. बक्षीस तिप्पट झालं, दिवे आले, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण सुरू झालं. आम्ही हवेत! मग प्रवेश फी १,५०० ची ५,००० झाली. बाहेरून तयार खेळाडू आणणारे संघ आले. आमच्या आळीच्या पोरांनी नावच दिलं नाही, म्हणाली, हरायला एवढे पैसे कशाला? जिथे गावचे म्हातारे कठड्यावर बसून रेफ्रीला सूचना द्यायचे, तिथे सोफे आले, पाहुण्यांसाठी. फायनल पाहुण्यांच्या वेळेप्रमाणे रात्री साडेदहाला.

दोन वर्षांनी प्रायोजक बंद. धंद्यात अडचण होती म्हणे. कमिटी बसली, मीही होतो. कुणीतरी म्हणालं, वर्गणी काढू. तेव्हा लक्षात आलं, पावतीपुस्तक कुणाकडे आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. दोन वर्षं घरोघरी कुणी गेलंच नव्हतं. एका घरात आम्हाला विचारलं, “आता कशी आमची आठवण झाली?”

ते बोल मला लागले. कारण तो प्रश्न बरोबर होता.

मंडळी, आयएसएलची गोष्ट आणि आमच्या गावची गोष्ट एकच आहे, फक्त शून्यं कमी आहेत. प्रायोजक आला हा दोष नव्हता. तो एकटाच खांब होता आणि बाकीचे खांब आम्हीच काढून टाकले, हा दोष होता.

मैदानाचंही तेच. आपल्याकडे मोकळी जागा गेली इमारतींमध्ये, आणि तिच्या जागी आले जाळीतले टर्फ. आम्ही खेळतो तिथे तासाला हजाराच्या पुढे पडतात, दहा-बारा जण मिळून काढतो. आम्ही कमावतो, परवडतं. पण जाळीबाहेर उभं राहून बघणारी दहा-बारा वर्षांची पोरं असतात ना, त्यांच्याकडे बॉल असतो, जागा नसते. नालासोपाऱ्याच्या मित्रा, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे उभं आहे.

तर मग करायचं काय?

जिथे चाहता स्वतः एक खांब असतो, तिथे काय होतं ते सांगतो.

फेब्रुवारी २०१६, लिव्हरपूल. मालकांनी सर्वांत महाग तिकीट ७७ पौंड करायचं ठरवलं. सामना चालू असताना ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठून निघून गेले. तेव्हा लिव्हरपूल २-० पुढे होतं, सामना सुटला २-२! काही दिवसांत मालकांनी माफी मागून निर्णय मागे घेतला. जर्मनीत तर नियमच आहे, की बहुतेक क्लबांत मतांचं बहुमत सदस्यांकडे, म्हणजे चाहत्यांकडे राहिलं पाहिजे. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या लीगने बाहेरचा गुंतवणूकदार आणायचं ठरवलं, तर लोकांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले. तो करार बारगळला.

जर्मनी लांब वाटत असेल, तर कोल्हापूरला जा. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, हे तालमींचे संघ आहेत. शाहू स्टेडियमवर पेठाच्या पेठा लोटतात. तिथेही आता मोठी बक्षिसं आहेत, परदेशी खेळाडू येतात, नेत्यांच्या पाठबळावर स्पर्धा होतात, भांडणंही होतात. सगळं गोड नाही. पण तिथे उद्या एखादा प्रायोजक गेला, म्हणून पाटाकडील तालीम बंद पडेल, असं कुणाला वाटत नाही. कारण ती कुणी विकत घेतलेली नाही, ती पेठेची आहे.

आपल्या हातात काय आहे? मी माझं सांगतो, तुम्ही तुमचं ठरवा. मी एक ॲप बंद केलं. दोन लीग कमी बघतो, काही बिघडलं नाही. ते पैसे दोन ठिकाणी जातात. एक, अंधेरीला मॅच असेल तेव्हा तिकीट, कारण छेत्रीच्या त्या आठवड्याने दाखवलं की आपण गेलो की फरक पडतो. दोन, गावची वर्गणी. यंदा आम्ही नवीन पावतीपुस्तक छापलं. प्रायोजक चालेल, पण एकूण खर्चाच्या निम्म्याहून जास्त नाही, असं कमिटीने लिहून ठेवलं. प्रवेश फी परत १,५००. आणि कठडा मोकळा.

गेल्या रविवारी पप्पा आणि मी फिरलो. ज्या घराने टोमणा मारला होता, तिथे परत गेलो. काकींनी आधी चहा दिला, मग पाचशेची नोट काढली आणि म्हणाल्या, “या वेळी फायनल लवकर ठेवा रे, पोरांना सकाळी शाळा असते.”

बघा, पाचशे रुपयांत त्यांनी सामन्याची वेळ ठरवली. फायनल सहा वाजता आहे.

चला, तुमच्या गावात, आळीत, सोसायटीत फुटबॉल कुणाच्या पैशावर चालतो, व्हॉइस नोट पाठवून सांगा. निवडक नोट पुढच्या भागात वाजवू. आणि हो, वसई रोड आलं असेल तर उतरा. नाहीतर थेट विरार!